श्रीकृष्ण अहवाल आणि ‘इतर’ नावाचा रकाना

चौकशी आयोगाचा अहवाल हा वाङ्मयीन समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका सुजाण वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. कथा, कविता, नाटक, चरित्र यांची परीक्षणे वाचण्याची आपणांस सवय आहे. परिच्छेदांना क्रमांक घातलेले, तक्ते जोडलेले शासकीय इंग्रजी गद्य कोणी आवडीने वाचावे, अशी कोणाचीच अपेक्षा नसते. तरीही न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अहवालाकडे आम्ही येथे एक ग्रंथ म्हणून पाहणार आहोत. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या उपनगरांत आपली घरे आहेत, आपली चर्चे आहेत, आपली मुले येथल्या शाळांत वाढली आहेत. या महानगरावर १९९२ च्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत जे गुदरले, त्याचा सर्वांत साक्षेपी लेखी दस्तऐवज हाच आहे. जो ग्रंथ आपल्या शेजाराविषयी आहे, तोच आपण वाचलेला नाही. हे न वाचणेही समीक्षेच्या कक्षेत यावे, असे आम्हांस वाटते.

देशोदेशी यादवी युद्धे संपतात तेव्हा एकच प्रश्न मागे उरतो : जे घडले त्याची जबाबदारी कोणी, कोणापुढे आणि कोणत्या शब्दांत स्वीकारायची? मुंबईत घडले ते यादवी युद्ध नव्हते. तसे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु प्रश्न तोच होता, आणि त्याला मिळालेली उत्तरेही विलक्षण सारखी होती. म्हणून आम्ही हा अहवाल तीन गोष्टींसाठी वाचणार आहोत : तो काय सांगतो, कोणत्या भाषेत सांगतो, आणि कोठे थांबतो.

प्रथम त्याचा इतिहास पाहू. शहर अजून पुरते निवलेही नव्हते, तेव्हा २५ जानेवारी १९९३ रोजी महाराष्ट्र शासनाने मुंबई उच्च न्यायालयाच्या या विद्यमान न्यायमूर्तींची चौकशीसाठी नेमणूक केली. तीन वर्षांनी, २३ जानेवारी १९९६ रोजी, शिवसेना-भाजप युतीच्या शासनाने हा आयोग गुंडाळला. २८ मे १९९६ रोजी त्याला पुन्हा जीवदान मिळाले, ते १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा विषय कार्यकक्षेत घालून. १६ फेब्रुवारी १९९८ रोजी न्यायमूर्तींनी अहवाल सादर केला. ५०२ साक्षीदारांच्या जबान्या त्यांनी ऐकल्या होत्या. पाच वर्षांच्या या कामात मध्येच हातातले काम काढून घेतले गेले आणि पुन्हा दिले गेले. परंतु अहवालाच्या स्वरात त्याचा कडवटपणा कोठेही उतरलेला दिसत नाही. हा संयम म्हणजे त्या गद्याचा पहिला गुण होय.

दुसरा गुण त्याच्या मांडणीत आहे. अहवालाचा एक मोठा भाग पोलीस ठाण्यांच्या हद्दींनुसार लावलेला आहे. जोगेश्वरी, घाटकोपर, देवनार, निर्मलनगर अशी आपल्या रोजच्या जाण्यायेण्यातली नावे एकेका प्रकरणाच्या माथ्यावर दिसतात. ‘मुंबई पेटली’ असे आपण म्हणतो तेव्हा कोणीच पेटवलेली नसते आणि कोठेच पेटलेली नसते. अमुक ठाण्याच्या हद्दीत, अमुक तारखेस, अमुक वाजता, अमुक गल्लीत असे म्हटले की घटनेला पत्ता मिळतो. आणि ज्या घटनेला पत्ता आहे तिची चौकशी करता येते. आपल्या प्रायश्चित्त संस्काराची शिकवण वाचकांना ठाऊकच आहे. ‘मी पापी आहे’ एवढे मोघम म्हणणे पुरेसे नसते. गंभीर पाप त्याच्या प्रकाराने आणि संख्येने सांगावे लागते. न्यायमूर्ती आपल्या संप्रदायाचे नव्हेत. परंतु प्रकार आणि संख्या सांगितल्याशिवाय कबुली होत नाही, ही समज त्यांच्या पानापानांत आहे.

संख्या अशी आहे : एकूण मृत्यू ९००. त्यांपैकी मुस्लिम ५७५, हिंदू २७५, ओळख न पटलेले ४५ आणि इतर ५. मृत्यूच्या कारणांचाही तक्ता आहे. पोलिसांच्या गोळीबारात ३५६, भोसकले जाऊन ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या हल्ल्यात ८०, खासगी व्यक्तींच्या गोळीबारात २२ आणि अन्य कारणांनी ४. या दुसऱ्या तक्त्यापाशी वाचक थबकतो. माणसे मारणारे सर्वांत मोठे एकटे कारण चाकू नव्हते, आगही नव्हती. ती पोलिसांची गोळी होती. प्रत्येक गोळी बेकायदा होती असे अहवाल म्हणत नाही, आम्हीही म्हणत नाही. परंतु संरक्षणासाठी नेमलेल्या यंत्रणेचे नाव त्या तक्त्यात सर्वांत वर आहे, हे वाचल्यावर ‘दोन जमातींची दंगल’ हे आपले सोयीचे वर्णन टिकत नाही.

‘दंगल’ या शब्दाविषयी येथे थोडे लिहिणे अवश्य आहे. आपल्याकडे कुस्त्यांच्या फडालाही दंगल म्हणतात. फडात दोन मल्ल असतात, दोघेही स्वेच्छेने उतरलेले असतात आणि पंच तटस्थ असतो. एखाद्या कत्तलीला आपण दंगल म्हटले की हे सारे गृहीतक न बोलता पदरात पडते. दोन पक्ष ठरतात, ‘दोन्हीकडून झाले’ हे वाक्य आपोआप तयार होते, आणि पंच कोणाच्या बाजूने उभा होता हे विचारायचे राहून जाते. अहवालातली आकडेवारी आणि पोलिसांतील पूर्वग्रहाविषयीचे निष्कर्ष या एका शब्दातली हवा काढून टाकतात.

याचा अर्थ अहवाल एका बाजूस झुकलेला आहे असा नव्हे. बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या संतप्त मुस्लिम जमावांची नोंद त्यात आहे. जानेवारीच्या प्रारंभी झालेल्या भोसकाभोसकीची, डोंगरीत मारल्या गेलेल्या माथाडी कामगारांची नोंद आहे. तत्कालीन मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक यांच्या काँग्रेस शासनाच्या कचखाऊपणावर कठोर ताशेरे आहेत. आणि ८ जानेवारी १९९३ पासून तरी मुस्लिमांवरील हल्ले संघटित करण्यात शिवसेनेने पुढाकार घेतला, असा निष्कर्षही आहे. याच ठिकाणी न्यायमूर्तींनी एक उपमा वापरली आहे. एरवी अलंकारांपासून कटाक्षाने दूर राहणारे हे गद्य बाळ ठाकरे यांना कसलेल्या सेनापतीची उपमा देते.

समीक्षकाने या उपमेकडे दुर्लक्ष करता कामा नये. ती केवळ शोभेची नाही. सेनापती म्हटले की सैन्य आले, आज्ञा आली आणि आज्ञेची जबाबदारीही आली. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्ग आणि टोकियो येथे झालेल्या खटल्यांपासून कायद्याची एक शाखा याच प्रश्नावर वाढली आहे : ज्याच्या हातात शस्त्र नव्हते, पण ज्याच्या शब्दाने शस्त्र उचलले गेले, त्याला काय म्हणायचे? न्यायमूर्तींनी उपमा युद्धाची घेतली. परंतु तिला साजेसा कायदा त्यांच्या हाती नव्हता. आयोगाचा निष्कर्ष म्हणजे न्यायालयाचा निवाडा नव्हे, आणि तो निष्कर्ष शिवसेनेने व तिच्या शासनाने अमान्य केला होता, हेही सांगणे न्यायाचे आहे. ‘सामना’तील अग्रलेखांबद्दल खटला भरावा, यासाठी मुंबई महापालिकेचे माजी आयुक्त व राज्याचे माजी मुख्य सचिव जे. बी. डिसोझा आणि पत्रकार दिलीप ठाकोर यांनी उच्च न्यायालयात याचिका केली होती. ती १९९४ मध्ये फेटाळली गेली. पुढे जुलै २००० मध्ये ठाकरे यांना अटक झाली, तेव्हा मुदत उलटून गेली या कारणास्तव दंडाधिकाऱ्यांनी त्याच दिवशी प्रकरण निकालात काढले. उपमा अहवालात राहिली. न्यायालयाच्या दारात ती कधी तपासलीच गेली नाही.

आता जोगेश्वरीकडे वळू. ७ आणि ८ जानेवारीच्या मधल्या रात्री गांधी चाळीच्या परिसरातील राधाबाई चाळीत काही हिंदू घरांना बाहेरून कड्या घालून आग लावण्यात आली. सहा माणसे जळून मेली. त्यांत एक अपंग मुलगी होती. त्या आठवड्यात ‘राधाबाई चाळ’ ही दोन अक्षरे घोषणा बनून शहरभर फिरली, आणि त्या घोषणेच्या नावाने इतरत्र कितीतरी घरे पेटली. अहवालात हीच घटना मोजक्या वाक्यांत येते. अमानुष होती म्हणून ती लहान केलेली नाही. आणि नंतरच्या अत्याचारांचे निमित्त म्हणून मोठीही केलेली नाही. घटनेला तिच्या मापाइतकीच जागा देणे हा गद्याचा न्याय होय. आम्हां मराठी लेखकांना तो क्वचितच साधला आहे.

आणि तरीही त्या सहा जणांना न्याय मिळाला काय? टाडा न्यायालयाने १९९६ मध्ये या प्रकरणी अकरा जणांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये त्या सर्वांची निर्दोष सुटका केली. म्हणजे गुन्हा खरा, मृत्यू खरे. परंतु दोषी म्हणून कोणीच उरले नाही. जबाबदारी निश्चित न होण्याने एकाच समाजाची हानी होते, असे ज्यांना वाटते त्यांनी राधाबाई चाळीची आठवण ठेवावी. ज्यांच्या नावाने सूड घेतला गेला, त्यांच्याही वाट्याला न्याय आला नाही.

अहवाल सादर झाल्यानंतर जे झाले ते त्या ग्रंथाचे उत्तरकांडच होय. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यानुसार असा अहवाल सहा महिन्यांच्या आत, त्यावरील कारवाईच्या निवेदनासह, विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. मनोहर जोशी यांच्या शासनाने तो ६ ऑगस्ट १९९८ रोजी, मुदत संपण्यास अवघे दहा दिवस उरले असता, मांडला. आणि त्यातील मुख्य निष्कर्ष अमान्य केले. अशा आयोगाचे निष्कर्ष शासनावर बंधनकारक नसतात. आयोगापुढे दिलेली जबानीही त्या साक्षीदाराविरुद्ध फौजदारी खटल्यात वापरता येत नाही. सत्य बोलण्यास माणसे धजावीत म्हणून ही तरतूद केलेली आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु तिचा परिणाम असा की, आयोगाला कळलेले सारे पोलिसांनी पुन्हा नव्याने शोधून काढावे लागते. ज्या पोलीस दलाविषयी अहवालात ताशेरे आहेत, त्याच दलाने.

दरम्यान पोलीस ठाण्यांत आणखी एक शब्द आपले काम करीत होता : ‘ए समरी’. गुन्हा खरा आहे, पण गुन्हेगार सापडत नाही, असा शेरा मारून प्रकरण मिटवण्याची ही रीत. तेराशेहून अधिक प्रकरणे या शेऱ्याखाली मिटवली गेली. १९९९ मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांचे शासन आले. अहवालाची अंमलबजावणी करू, हे त्यांचे आश्वासन होते. विशेष कृती दल नेमले गेले, परंतु मिटलेल्या प्रकरणांपैकी फारच थोडी पुन्हा उघडली. सुलेमान उस्मान बेकरीतील गोळीबाराबद्दल आर. डी. त्यागी व अन्य काही पोलिसांवर खटला झाला. २००३ मध्ये सत्र न्यायालयाने त्यागींसह काहींना आरोपमुक्त केले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. डिसेंबर १९९२ मधील चिथावणीबद्दल शिवसेनेचे माजी खासदार मधुकर सरपोतदार यांना २००८ मध्ये एक वर्षाची शिक्षा झाली. ते जामिनावर सुटले आणि २०१० मध्ये निवर्तले. याउलट मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली; त्या खटल्यात २००६-०७ मध्ये शंभर जण दोषी ठरले आणि २०१५ मध्ये एकास फाशीही झाली. स्फोट घडवणाऱ्यांना शिक्षा झाली हे उचितच झाले. परंतु एकाच शहराच्या एकाच हिवाळ्याची दोन प्रकरणे आणि त्यांसाठी न्यायाचे दोन वेग, हे दृश्य अस्वस्थ करणारे आहे.

४ नोव्हेंबर २०२२ रोजी, घटनेला तीस वर्षे होत आली असता, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती कौल, ओक आणि विक्रम नाथ यांच्या पीठाने स्पष्ट शब्दांत म्हटले की, नागरिकांच्या जीविताचे रक्षण करण्यात राज्य अपयशी ठरले. ९७ खटले निद्रिस्त धारिकांत पडून होते. त्यांतील आरोपींचा माग काढण्यास न्यायालयाने सांगितले. १६८ माणसे बेपत्ता होती. त्यांपैकी ज्या कुटुंबांना भरपाई मिळालीच नाही त्यांना दोन लाख रुपये, १९९९ पासूनच्या नऊ टक्के व्याजासह, द्यावेत असा आदेश दिला. शुभवर्तमानातला जक्कय लुबाडलेल्याची चौपट परतफेड करण्यास स्वतःहून तयार झाला होता. राज्याला मात्र मुद्दल द्यायलाही न्यायालयाने तीन दशकांनी भाग पाडावे लागले. ‘बेपत्ता’ या शब्दाचाही अर्थ आपण लक्षात घ्यावा. मृताच्या नावाने मिस्सा अर्पण करता येते, कबरीवर मेणबत्ती लावता येते. बेपत्ता माणसाच्या घरी रडण्याचा दिवसच ठरत नाही.

श्रीकृष्ण अहवाल आला ते १९९८ साल जगभर अशाच लेखनाचे साल होते. ग्वातेमालात छत्तीस वर्षांचे यादवी युद्ध १९९६ मध्ये संपले. तेथील बिशप हुआन हेरार्दी यांनी धर्मप्रांतोधर्मप्रांती सामान्य श्रद्धावंतांना शिकवून तयार केले आणि खेड्यापाड्यांत जाऊन माया लोकांच्या जबान्या त्यांच्याच भाषांत टिपून घेतल्या. २४ एप्रिल १९९८ रोजी त्या हजारो जबान्यांचा अहवाल त्यांनी राजधानीच्या कॅथीड्रलमध्ये प्रसिद्ध केला. दोन दिवसांनी, २६ एप्रिलच्या रात्री, ते राहत असलेल्या धर्मग्रामाच्या घरात त्यांना ठेचून मारण्यात आले. २००१ मध्ये लष्कराशी संबंधित तिघे आणि एक धर्मगुरू दोषी ठरले. तो चौथा मनुष्य आपल्याच पोशाखातला होता, हे लपवून चालणार नाही. त्याच वर्षी १७ जुलै रोजी रोम येथे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची संहिता मंजूर झाली; भारताने तिच्यावर सही केलेली नाही. ऑक्टोबरात आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या आयोगाने दक्षिण आफ्रिकेतला अहवाल नेल्सन मंडेला यांच्या हाती दिला. तेथे माफी मिळत होती, पण आपण काय केले हे उघडपणे व पूर्णपणे सांगितल्यावरच.

ग्वातेमालात दोन लाखांवर माणसे मेली वा नाहीशी झाली, मुंबईत नऊशे. तुलना संख्येची नाही, नंतरच्या वागण्याची आहे. आणि ही तुलना आमच्याच कल्पनेतून निघाली असे कोणी समजू नये. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडाबद्दल सज्जन कुमार यांना जन्मठेप देताना, १७ डिसेंबर २०१८ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने आपल्या फौजदारी कायद्यात मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याला स्थानच नाही, ही उणीव दाखवून दिली. आणि त्याच ओघात मुंबई १९९३, गुजरात २००२, कंधमाळ २००८, मुझफ्फरनगर २०१३ ही नावे घेतली. कंधमाळचे नाव ऐकले की आपल्या काळजाला हात लागतो. ओरिसातल्या त्या डोंगराळ जिल्ह्यात जाळली गेली ती आपली प्रार्थनास्थळे होती. परंतु न्यायालयाच्या त्या वाक्यात मुंबईचे नाव कंधमाळच्या आधी येते. पहिल्या नावापाशी जर आपण गप्प राहिलो असू, तर तिसऱ्या नावापाशी आपल्या रडण्याला कोणी साथ द्यावी, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

आता अहवालाचे दोष. समीक्षकाने केवळ गौरव करून थांबू नये. पहिला दोष शेवटच्या क्रियापदाचा आहे. प्रत्येक गल्ली आणि प्रत्येक तास नेमका सांगणारे हे गद्य, दोषी वाटलेल्या ३१ पोलिसांपाशी येते तेव्हा, त्यांच्यावर कडक कारवाई करावी अशा मोघम शिफारशीवर विसावते. कोणती कारवाई, कोणत्या कलमाखाली, किती दिवसांत? ज्यांना टाळायचे होते त्यांना ही मोघम जागा पुरेशी झाली. दुसरा दोष भाषेचा. ज्या माणसांनी हिंदीत, मराठीत, आपापल्या घरच्या बोलीत आकांत केला, त्यांचा आकांत अहवालात न्यायालयीन इंग्रजीत वाळून येतो. ग्वातेमालाच्या बिशपांना जे साधले ते येथे साधले नाही. तिसरा दोष, जो आम्हांस सर्वांत अधिक जाणवतो, तो असा की, मारणारा, मरणारा आणि अधिकारी या तिघांचीच गणना अहवालात आहे. पाहणारा त्यात नाही.

किंबहुना तो असलाच तर एका रकान्यात आहे : इतर, ५. ते पाच कोण होते, त्यांत आपले कोणी होते की नाही, तक्ता सांगत नाही. परंतु हा अहवाल प्रथम हाती आला तेव्हा आमचा डोळा त्याच रकान्याकडे गेला. आणि आकडा लहान आहे हे पाहून मन हलके झाले. हे आम्ही येथे कबूल करतो.

त्या जानेवारीतली एक रात्र आम्हांस आठवते. अंधेरीतल्या आमच्या गावठाणात सायंकाळीच कुजबुज झाली आणि बघता बघता घरोघरच्या दारांवर क्रूस लागले. कोणी खडूने काढले, कोणी पाम संडेच्या वाळलेल्या झावळ्यांचे बांधले. निर्गमाच्या रात्री इस्राएलांनी दाराच्या चौकटींना रक्त लावले होते, तसेच ते होते. पुढून जाणाऱ्याने पुढे निघून जावे म्हणून. गावठाणाच्या तोंडाशी एक मुसलमान शिंपी राहत असे. आपल्या मुलांचे नाताळचे कपडे वर्षानुवर्षे त्यानेच शिवले. दिवेलागणीनंतर त्याची बायको आली आणि दारावर लावायला एक क्रूस मिळेल का, असे विचारू लागली. आमच्या घरात कोणी नाही म्हटले नाही. पण कोणी होही म्हटले नाही. क्रूस असा द्यावा काय, तो खोटेपणा होईल काय, उद्या आपल्यावरच बालंट येईल काय, अशी चर्चा आम्ही करीत राहिलो. ती दारात उभी होती. शेवटी शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईने आपल्या घरातल्या वेदीवरचा लाकडी क्रूस काढून तिच्या हातात दिला आणि दार लावून घेतले. ती रात्र सुखरूप गेली. काही दिवसांनी ते कुटुंब मुंब्र्याला निघून गेले. तेव्हा मुंबईतली कितीतरी मुसलमान कुटुंबे तिकडेच गेली. क्रूस परत आला नाही, आणि म्हातारीने तो कधी मागितलाही नाही.

या रात्रीची नोंद कोणत्याही पोलीस ठाण्याच्या प्रकरणात सापडणार नाही. कारण तेथे काही घडलेच नाही. कोणताही न्यायाधीश आम्हांला त्याबद्दल दोषी ठरवणार नाही, आणि ठरवूही नये. दाराशी उभे राहून विचार करणे हा गुन्हा नव्हे. परंतु जबाबदारीचा विचार गुन्ह्यापाशी संपतो असे मानले, तर अहवालातला ‘इतर’ हा रकाना आपल्याला कायमचे घर म्हणून मिळतो. त्या घरात सुरक्षितता आहे, साक्ष नाही.

न्यायाचे काम न्यायालयांनी करावे. ते त्यांनी पुरे केले नाही, हे वर मांडलेच आहे. साहित्याचे काम निराळे आहे. अहवालाने ज्याला जागा दिली नाही त्या पाहणाऱ्याची जबानी मराठी साहित्याने, विशेषतः आपण उपनगरांतल्या ख्रिस्ती लेखकांनी, टिपायची होती. ती आपण टिपलेली नाही. आपल्या नाताळच्या अंकांत वसईच्या वाड्या आल्या, विहिरी आल्या, आजीची गाणी आली. जोगेश्वरी आली नाही. त्या रात्री जे तिशीत होते ते आज साठी ओलांडून गेले आहेत, आणि जे साठीचे होते ते बहुतेक आता नाहीत. बिशप हेरार्दींनी वही घेऊन जे केले ते करायला आपल्याला डोंगर चढावे लागणार नाहीत. जिना उतरून शेजारच्या दारापर्यंत गेले तरी पुरे.

श्रीकृष्ण अहवाल हा थोर ग्रंथ आहे काय, असे कोणी विचारल्यास आम्ही म्हणू : तो प्रामाणिक ग्रंथ आहे, आणि अपुरा आहे. त्याची नेमकी भाषा मराठीत यावी, त्याचे जोगेश्वरीचे आणि घाटकोपरचे प्रकरण आपल्या धर्मग्रामांच्या वाचनमंडळांत मोठ्याने वाचले जावे, आणि वाचून झाल्यावर उपस्थितांपैकी प्रत्येकाने आपण त्या रात्री कोठे होतो ते सांगावे, असे आम्हांस वाटते. ‘इतर’ या रकान्यातला आकडा त्यामुळे बदलणार नाही. परंतु त्या आकड्यामागे माणसे होती, त्यांनी पाहिले होते, आणि उशिरा का होईना त्यांनी ते सांगितले, एवढे तरी नोंदीत येईल.